मॉडेल टी सुरू करायला शिकताना : प्रकल्प नोंदी

२ नोव्हेंबर

गाडी फोर्ड मॉडेल टी, साल १९२४, उघडी टूरिंग बॉडी. बांधणी कॅनडातल्या वॉकरव्हिलची, म्हणून स्टिअरिंग उजवीकडे. सेल्फ नाही. पुढे हँडल, डॅशमागे ठिणगी पाडणाऱ्या चार कॉइलची पेटी आणि एक स्विच. काकांनी ती अनेक वर्षं चालती ठेवली. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी हँडल मारायला बंदी केली, तेव्हापासून कोल्हापूरच्या घरामागच्या गॅरेजमध्ये उभी आहे.

आता काम माझ्याकडे आलं आहे. ठरवलेलं असं : थंड इंजिन एकटीने सुरू करायचं, गाडी बाहेर काढायची, फिरवून परत जागेवर लावायची. काकांची अट एकच, गाडीत काही बदलून सोपं करून घ्यायचं नाही. टीला सेल्फ बसवता येतो, सगळ्या सिलिंडरना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्यूटरही बसवता येतो. दोन्ही नको. अट मला मनापासून पटलेली आहे. शंभर वर्षांपूर्वी जे हाताने आणि कानाने करत, ते करता आलं पाहिजे.

माझी शिदोरी म्हणजे रोज चालवते ती गिअरची हॅचबॅक, बुलेट, आणि गाडीच्या संगणकाला ओबीडी स्कॅनर लावून आकडे वाचायची सवय. यातलं काय उपयोगी पडतं आणि काय आडवं येतं, ते लिहीत जाईन.

५ नोव्हेंबर

इंजिन बंद. संध्याकाळभर नुसती सीटवर बसून हातापायांची उजळणी.

खाली तीन पेडल आहेत, त्यामुळे पाय आपोआप क्लच, ब्रेक, अ‍ॅक्सिलरेटर असे जाऊन बसतात. इथे डावीकडून पहिलं पेडल क्लचचं, मधलं रिव्हर्सचं, उजवं ब्रेकचं. अ‍ॅक्सिलरेटर पायाशी नाहीच. तो स्टिअरिंगखाली उजव्या हाताला दांडीच्या रूपात आहे : दांडी वर असली की थ्रॉटल बंद, खाली ओढली की उघडतं. डाव्या हाताला तशीच दुसरी दांडी, ती ठिणगीची. वर म्हणजे ठिणगी उशिरा, खाली म्हणजे लवकर.

डावं पेडल सगळ्यात अवघड. आपल्या गाडीत ते पूर्ण दाबलं की इंजिन चाकांपासून सुटतं. टीमध्ये पूर्ण दाबलं की लो गिअर लागतो, अर्ध्यावर न्यूट्रल, आणि सोडून दिलं की टॉप. म्हणजे घाबरून क्लच तळापर्यंत दाबायची जी सवय वर्षानुवर्षं पायात मुरली आहे, ती इथे गाडी पुढे ढकलेल. उलट उजव्या पायाची सवय बिनधोक आहे : अ‍ॅक्सिलरेटर समजून दाबलं तर ब्रेकच लागेल.

हँडब्रेकचा दांडा तर आणखी कामाचा. पूर्ण मागे ओढला की मागच्या चाकांचे ब्रेक लागतात आणि क्लचही सुटलेला राहतो. उभा ठेवला की ब्रेक सुटतो पण न्यूट्रल टिकतं. पुढे ढकलला की टॉप लागायची वाट मोकळी होते. हल्लीच्या गाड्या क्लच दाबल्याशिवाय स्टार्ट होत नाहीत. ती राखण करणारा स्विच इथे नाही, ते काम या दांड्याचं, आणि तो मागे आहे का हे बघायचं काम माझं.

१९०८ ते १९२७ या काळात दीड कोटीवर टी बनल्या. त्या काळात असंख्य लोकांची ही आयुष्यातली पहिलीच गाडी होती, तेव्हा त्यांना हाच क्रम सरळ वाटत असणार. हल्लीचा पेडलांचा क्रम १९१६ च्या कॅडिलॅक टाइप ५३ मध्ये दिसतो. सगळीकडे रुळायला बराच काळ गेला.

८ नोव्हेंबर

आज काम टीवर न करता स्वतःच्या हॅचबॅकवर केलं. पहाटे, इंजिन रात्रभर थंड असताना स्कॅनर लावला आणि बटण दाबून आकडे पाहत बसले.

सुरू झाल्या झाल्या आरपीएम नेहमीच्या आयडलपेक्षा बराच वर. पेट्रोल-हवेचं मिश्रण दाट. ठिणगीचा आकडा काही वेळ शून्याच्याही खाली, म्हणजे पिस्टन माथ्यावरून उतरायला लागल्यावर ठिणगी. मग इंजिन तापत गेलं तसा आरपीएम उतरला, मिश्रण पातळ झालं, ठिणगी पुढे सरकली. हे सगळं ईसीयूने, म्हणजे गाडीच्या संगणकाने केलं. मी फक्त सीटवर बसले होते.

आता टीची पद्धत शेजारी ठेवून बघावी. ठिणगीची दांडी वर. थ्रॉटलची दांडी काही खाचा खाली. चोक ओढलेला. तापल्यावर चोक सोडायचा, थ्रॉटल कमी करायचं, ठिणगी खाली आणायची. क्रम तोच. कारणं मात्र सगळी तीच नाहीत. माझी गाडी ठिणगी मागे ठेवते ती मुख्यतः धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लवकर तापावा म्हणून; टीमध्ये ती मागे ठेवायची ती हँडल मारणाऱ्याचा हात शाबूत राहावा म्हणून.

या एका सकाळने माझी भीती बरीच कमी केली. त्या दोन दांड्या आणि चोकची तार काहीतरी जुनाट, गूढ यंत्रणा वाटत होती. रोज माझ्या पायाखाली एक छोटी पेटी जे ठरवते, तेच इथे उघड्यावर मांडलेलं आहे.

९ नोव्हेंबर

पेट्रोल. टाकी पुढच्या सीटखाली, साधारण ३८ लिटरची. काटा नाही, सीट उचलून लाकडी पट्टी बुडवायची आणि ओल कुठपर्यंत चढली ते बघायचं. पंपही नाही. पेट्रोल उंचीवरून आपोआप कार्ब्युरेटरकडे उतरतं, म्हणूनच टाकी अर्धीमुर्धी असली की लोक चढ रिव्हर्समध्ये चढवत.

कार्ब्युरेटरची वाटी खोलली. आतला फ्लोट, म्हणजे पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता भाग, बुचाच्या लाकडाचा, वर चपड्याचा लेप. पंपावर आता मिळतं त्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं आणि चपडा अल्कोहोलमध्ये विरघळतो. फर्निचरला पॉलिश करणारा कुठलाही सुतार सांगेल. लेप खरोखरच चिकट होऊन ठिकठिकाणी उडालेला होता. फ्लोटने पेट्रोल पिऊन जड व्हायचं आणि वाटी ओसंडायची, हे त्याचं पुढचं पाऊल. जुना लेप खरवडून काढला, बूच उन्हात दोन दिवस वाळवायला ठेवलं. नंतर फेव्हिक्विकचा पातळ हात देणार. वाळून लेप दिला की वजन करून ठेवणार आहे, म्हणजे पुढे कधी शंका आली तर ताडता येईल.

इथेनॉलचा दुसरा परिणाम मिश्रणावर. त्याच्या रेणूतच ऑक्सिजन असल्यामुळे तेवढ्याच हवेला इंधन थोडं जास्त लागतं. हॅचबॅकमध्ये ऑक्सिजन सेन्सर बघून ईसीयू ते भरून काढतो. इथे डॅशवरची घुंडी फिरवून पेट्रोल कमीजास्त सोडणारी नीडल किंचित जास्त उघडायची. काकांची जुनी खूण साध्या पेट्रोलच्या काळातली, तिच्यापुढे थोडं जावं लागेल.

१५ नोव्हेंबर

उद्यमनगरातले मिस्त्री आले. त्यांच्या उस्तादांनी पेट्रोलवरचे जुने ट्रक हँडलने सुरू केलेले. मिस्त्री लहान असताना बाजूला उभं राहून बघायचे. त्यांचा हात या कामात बसलेला आहे.

कॉइलच्या पेटीपासून सुरुवात. चार सिलिंडरना चार कॉइल, प्रत्येकाची वेगळी. हल्लीच्या कितीतरी गाड्यांत प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतंत्र कॉइल असते; मधे कित्येक दशकं एक कॉइल आणि डिस्ट्रिब्यूटर यांचं राज्य होतं, आणि इंजिनं फिरून टीच्याच मांडणीवर आली. फरक असा की टीच्या कॉइलच्या डोक्यावर थरथरणारी पट्टी आहे. वीज आली की ती पट्टी ओढली जाते, संपर्क तुटतो, ठिणगी पडते, पट्टी परत येते, पुन्हा संपर्क. कुठल्या कॉइलला कधी वीज जाईल ते ठरवणाऱ्या टायमरने जेवढा वेळ वीज दिली तेवढा वेळ ठिणग्यांची झड. एकच ठिणगी हुकली तर इंजिन हुकलं, असं इथे होत नाही. थंडीत, दाट मिश्रणात, हाताने फिरणाऱ्या संथ इंजिनात हे फार मोलाचं आहे.

प्रत्येक कॉइल बाहेर काढून सहा व्होल्टवर वाजवली. सरासरी १.३ अँपिअर ओढली पाहिजे. तीन कॉइल गांधीलमाशीसारख्या एका सुरात वाजल्या. चौथी खरखरत होती आणि काटा स्थिर राहीना. मिस्त्रींनी पट्टीखालचे संपर्काचे ठिपके भिंगातून दाखवले, एकावर खड्डा आणि दुसऱ्यावर टेंगूळ. तेलदगडावर अगदी हलक्या हाताने घासून सपाट केले आणि पट्टीचा ताण जुळवला. आवाज आधी सुधारला, काटा मग.

"आवाज ऐका ताई, काट्याकडं नंतर बघा," असं ते म्हणाले. पुढचा तासभर मी डोळे मिटून एकेक कॉइल ऐकली.

१६ नोव्हेंबर

टायमर खोलून पुसला. कॅमशाफ्टच्या पुढच्या टोकाला फिरणारा रोलर, भोवती कडं, कड्यात चार धातूचे संपर्क. ठिणगीची दांडी हे कडंच थोडं फिरवते. तेल दिलं. फ्लोटला लेप देऊन बसवला, वाटीला गळती नाही.

२२ नोव्हेंबर

आज हँडल, स्विच बंद ठेवून.

आधी धोका नीट समजून घेतला. चालत्या इंजिनात ठिणगी पिस्टन माथ्यावर पोचण्याआधी टाकावी लागते, कारण मिश्रण जळायला वेळ लागतो. पण हाताने फिरवलेलं इंजिन इतकं संथ असतं की तीच ठिणगी पडली तर पिस्टन माथा ओलांडायच्या आत दाब तयार होतो आणि इंजिन उलटं फिरतं. हँडलच्या खाचा अशा तिरप्या कापलेल्या असतात की इंजिन सुलटं सुटलं तर हँडल आपोआप बाहेर फेकलं जातं. उलटं फिरलं तर मात्र ते अडकून राहतं आणि सगळा झटका मनगटावर येतो. मनगटाजवळच्या त्या विशिष्ट मोडीला डॉक्टर आजही शोफर्स फ्रॅक्चर म्हणतात. चार्ल्स केटरिंगचा विजेचा सेल्फ १९१२ च्या कॅडिलॅकवर आला आणि हा प्रश्न हळूहळू मिटत गेला.

बुलेट चालवणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. जुन्या बुलेटची किक उलटी आली की पोटरीला काय होतं ते मला माहीत आहे. म्हणून अँपिअरचा काटा बघून पिस्टन माथ्याच्या जरा पुढे आणायचा आणि मगच किक मारायची, ही सवय अंगात होती. तीच इथे कामी आली. हँडल आत दाबून हळूहळू फिरवलं की दर अर्ध्या फेरीला कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबल्या जाणाऱ्या हवेचा विरोध, हाताला लागतं. ते लागलं की थांबायचं, हँडल सोडवून घड्याळात सात वाजतात त्या जागी पुन्हा गुंतवायचं, आणि तिथून वर उचलायचं.

मिस्त्रींचे नियम तीन. डावा हात वापरायचा, म्हणजे उलटा झटका आला तर हँडल हातातून निसटून अंगापासून दूर जातं. अंगठा इतर बोटांच्याच बाजूला ठेवायचा, दांड्याभोवती गुंडाळायचा नाही. आणि फक्त वर ओढायचं, खाली कधीच दाबायचं नाही.

"खाली दाबलं की आपलं सगळं वजन त्यावर येतंय बघा. उलटं आलं तर सोडायला सवड मिळत न्हाई."

या इंजिनाचं कॉम्प्रेशन सुमारे ४ ला १ आहे, माझ्या गाडीचं दहाच्या वर. २.९ लिटरचं इंजिन बेताच्या ताकदीच्या माणसाला एका हाताने फिरवता येतं ते त्यामुळेच. ताकद कमी लागते; खांदा आणि पाठ एका रेषेत असावी लागते. काका खुर्ची टाकून बसले होते, दर वेळी फक्त "पाठ" एवढंच म्हणायचे.

२३ नोव्हेंबर

सुरू झाली.

क्रम सविस्तर लिहून ठेवते, पुढे कोणी शिकायचं तर कामाला येईल. चाकांना पुढूनमागून दगड. हँडब्रेक पूर्ण मागे. पाणी बघितलं, रेडिएटर काठोकाठ, कारण पाण्याला पंप नाही, गरम पाणी वर चढतं आणि थंड खाली येतं एवढ्यावरच अभिसरण चालतं. तेलासाठी गाडीखाली वाकून फ्लायव्हीलच्या घरावरचे दोन छोटे नळ : वरच्यातून तेल आलं नाही, खालच्यातून आलं, म्हणजे पातळी बरोबर. पेट्रोलचा नळ उघडला. ठिणगी पूर्ण वर. थ्रॉटल चार-पाच खाचा खाली. नीडल काकांच्या खुणेपेक्षा थोडी उघडी.

स्विच बंद ठेवून पुढे गेले. रेडिएटरखाली चोकच्या तारेची कडी आहे, ती एका हाताने ओढून धरली आणि दुसऱ्याने हँडल संथपणे वर उचललं. कार्ब्युरेटरमधून ओलसर फुसफुस ऐकू आली, पेट्रोलचा वास आला. कडी सोडली. परत सीटकडे, ठिणगीच्या दांडीकडे पुन्हा एकदा नजर, स्विच बॅटरीवर. पेटीतली एक कॉइल गुणगुणायला लागली. पुन्हा पुढे, हँडल सातच्या जागी, अंगठा बाहेर, आणि एका दमात वर.

आधी एक फटका बसला आणि विझली. पुन्हा ओढलं आणि हँडल हातातून सुटून आपसूक लोंबकळलं, कारण इंजिन त्याच्या पुढे निघून गेलं होतं. चारी सिलिंडर. आख्खी गाडी, पुढची काच, मडगार्ड, माझ्या कोपराखालचं दार, सगळं एका तालात हलत होतं.

पळत सीटशी गेले. ठिणगीची दांडी खाली आणली तसा आवाज मोकळा झाला. स्विच बॅटरीवरून मॅग्नेटोवर टाकला आणि वेग स्वतःहून चढला. फ्लायव्हीलवर सोळा चुंबकं बसवलेली आहेत, ती इंजिनाबरोबर फिरतात आणि वीज तिथेच तयार होते. जेवढा वेग, तेवढा व्होल्टेज. थ्रॉटल वर घेत घेत नीडल बंद करत गेले, इंजिन अडखळायला लागलं तिथून थोडं परत. स्कॅनरवर मिश्रणाचा आकडा बघते, तोच हा. इथे तो कानाला कळतो.

काकांनी काही बोलायच्या आधी उठून बॉनेटवर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

३० नोव्हेंबर

पटांगणात चालवली. सुरू करण्यापेक्षा हे सोपं जाईल असं वाटलं होतं, पण पायांना सवयी सोडायला लावणं फार कष्टाचं आहे.

दांडा उभा, थ्रॉटल थोडं खाली, डावं पेडल हळूहळू दाबायचं. आत लो गिअरचा पट्टा ड्रमवर आवळत जातो आणि गाडी हलते. इथे मात्र हाफ क्लचची समज पूर्ण कामी आली. तळपायाला पकड लागायची ती जागा ओळखता येते, फक्त दिशा उलटी : आपण सोडताना शोधतो, इथे दाबताना. थोडा वेग आला की दांडा पुढे, थ्रॉटल किंचित कमी, पेडल सोडलं, टॉप. दोनच गिअर.

थांबण्यासाठी थ्रॉटल वर, डावं अर्ध्यावर, उजवं दाबायचं. हा ब्रेक गिअरबॉक्समधल्या ड्रमवर लागतो, चाकांवर नाही, त्यामुळे थांबायला जागा लागते. पुढच्या चाकांना ब्रेकच नाहीत. रोजच्या गाडीइतकं अंतर इथे पुरत नाही, रस्त्यावर निदान दुप्पट-तिप्पट ठेवायचं असं मी ठरवलं आहे.

१४ डिसेंबर

पहाटे चांगलाच गारठा. हँडल कालच्यापेक्षा कितीतरी जड, आणि सुरू होताच गाडी ब्रेक असूनही पुढे रेटायला लागली. दगड होते म्हणून हलली नाही. कारण तेल. इंजिन, गिअर आणि क्लच सगळ्यांचं तेल एकच. क्लचच्या पोलादी चकत्या त्यातच बुडालेल्या. तेल थंडीने घट्ट झालं की चकत्या सुटल्या तरी एकमेकींना ओढत राहतात. हँडलपाशी उभ्या असलेल्या माणसावर गाडी चाल करून येते ती अशी.

काकांनी जुना इलाज सांगितला. मागचं एक चाक जॅकवर उचलायचं, दुसऱ्या मागच्या चाकाला दोन्हीकडून दगड घट्ट ठोकायचे, हँडब्रेक पुढे सोडायचा. उचललेलं चाक डिफरन्शियलमुळे मोकळं फिरतं, गाडी जागची हलत नाही आणि फिरतं चाक इंजिनाला जडपणा देतं. सुरू झाल्यावर दांडा मागे, चाक थांबलं की जॅक खाली. करून पाहिलं, उत्तम.

आधुनिक ज्ञानाची भर म्हणून जाड तेल काढून थंडीत पातळ राहणारं १०डब्ल्यू-३० घातलं. गाडीत बदल होतो का, असं काकांना विचारलं. "तेल म्हणजे भाग नाही गं," म्हणाले. पुढच्या पहाटे फरक हाताला स्पष्ट कळला.

२८ डिसेंबर

रंकाळ्याच्या कडेने सकाळी लवकर फेरी. चहाला थांबताना इंजिन बंद करण्याआधी थ्रॉटल क्षणभर उघडलं, म्हणजे सिलिंडर ताज्या मिश्रणाने भरतात. परत येऊन सीटवर बसले, स्विच बॅटरीवर टाकला आणि गाडी हँडलला हात न लावता सुरू झाली.

असं होतं याचं कारण त्या थरथरणाऱ्या कॉइल. इंजिन थांबताना एखादा पिस्टन माथ्याच्या जरा पुढे थांबला, वर मिश्रण शिल्लक असलं आणि टायमरचा संपर्क त्याच सिलिंडरवर असला, तर स्विच टाकताच तिथे ठिणग्यांची झड सुरू होते आणि तो पिस्टन खाली ढकलला जातो. माझदाने २००९ मध्ये आणलेल्या आय-स्टॉपमध्ये याच तत्त्वावर, थांबलेल्या सिलिंडरमध्ये स्फोट घडवून इंजिन पुन्हा सुरू करतात.

यात एक इशाराही आहे, तो गॅरेजच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिला. हँडलपाशी कोणी असताना स्विचला आणि ठिणगीच्या दांडीला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. गरम इंजिनात नुसती दांडी हलवली तरी संपर्क जुळू शकतो.

११ जानेवारी

आज काका घरी नसताना पूर्ण क्रम एकटीने : थंड इंजिन, बाहेर, शिये फाट्यापर्यंत, परत, गॅरेजमध्ये. कुठे अडलं नाही. चढावर इंजिन ठोकायला लागलं तेव्हा डावा हात विचार न करता ठिणगीच्या दांडीवर गेला आणि दोन खाचा वर घेतली, ठोकणं थांबलं.

उरलेली कामं : लो गिअरचा पट्टा सैल वाटतो, पेडल फार खाली जातं, मिस्त्रींना घेऊन आवळायचा. चौथ्या कॉइलचे ठिपके नवे मागवायचे. फ्लोट काढून वजन ताडायचं. आणि पुढच्या रविवारी भाचीला डावा हात, अंगठा बाहेर, स्विच बंद, एवढंच शिकवायला सुरुवात.